गळतीची वही

एका वाचक मैत्रिणीचं सल्ला विचारणारं पत्र आलंय, थोडक्यात असं. ती ३३ वर्षांची, कोल्हापुरातच वाढलेली, बी.कॉम. आणि मग मार्केटिंगमध्ये एमबीए. गेली आठ वर्षं शहरातल्या एका मध्यम बिल्डरकडे नोकरी करते. सुरुवात फोन उचलण्यापासून झाली, आता ब्रोशर, फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती, प्रदर्शनातला स्टॉल, गिऱ्हाईकाला साईट दाखवणं, बुकिंगनंतर होम लोनची कागदपत्रं, सगळं तिच्याकडेच आहे. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी पुण्याहून एक 'सेल्स हेड' आणला, त्याचा अनुभव हिच्यापेक्षा कमी आणि पगार जवळजवळ दुप्पट. हिला सांगितलं, तू ऑफिस सांभाळ, साईटवर तो बघेल, बाईमाणसाला तिथं अवघड जातं. अशात वॉटरप्रूफिंग आणि टाईल ॲडेसिव्ह (टाईल चिकटवायचा मसाला) विकणाऱ्या एका कंपनीनं तिला कोल्हापूर-सांगली भागाच्या मार्केटिंगची जागा देऊ केलीय, फिरतीची नोकरी आहे, महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. नवरा शिरोलीला फौंड्रीत शिफ्टमध्ये, घरात सासूबाई, मुलगी पाच वर्षांची, दुसऱ्या मुलाचाही विचार चाललाय. ती लिहिते, "मी इंजिनिअर नाही, साईटवर बाईचं कोण ऐकणार. मलाच का विचारलं तेही कळत नाही. घरी अजून बोलले नाही पण उत्तर मला माहीत आहे. त्यापेक्षा ही लाईनच सोडून एखाद्या इन्शुरन्स कंपनीत टेबलवर बसावं का?" आणि पत्र संपता संपता एक ओळ, "पावसाळ्यात गळतीचे सगळे फोन माझ्याच मोबाईलवर येतात, त्याची एक वही केलीय मी, कुणाचा फ्लॅट, कुठली भिंत वगैरे, पण ते काही मार्केटिंग नव्हे."

वयानं मोठी आहे म्हणून एकेरीत बोलते, चालवून घे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशी थांबले. मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे, म्हणून साहेब, नवा सेल्स हेड, सासूबाई हे सगळे जरा बाजूला ठेवू आणि आधी वहीबद्दल बोलू.

माझीच गोष्ट सांगते. आम्ही फ्लॅट घेतला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. बुकिंगच्या वेळी खुर्ची पुढं करणारी, चहा मागवणारी सगळी माणसं एकदम बिझी झाली, साईटवर आहे, मीटिंगमध्ये आहे, उद्या बघतो. फोन उचलायची ती ऑफिसातली एकच मुलगी. ती काही भिंत दुरुस्त करू शकत नव्हती पण ती विचारायची, काकी, ओल खालून चढतेय का वरून उतरतेय, भिंतीच्या पलीकडं बाथरूम आहे का, पाऊस उघडल्यावर किती दिवसांनी वाळते. आणि ती सांगेल त्या दिवशी माणूस यायचा म्हणजे यायचाच. पुढं माझ्या चुलतबहिणीला घर घ्यायचं होतं तेव्हा मी त्याच बिल्डरचं नाव सांगितलं, भिंत गळली होती तरी सांगितलं, आणि तिनं तिथंच घेतलं. ते बुकिंग त्या ऑफिसात कुणाच्या नावावर लागलं असेल? बहुतेक त्या महिन्यात होर्डिंग ज्यानं लावलं त्याच्या.

आपल्या गावात होर्डिंग बघून माणूस फोन करतो गं, पण टोकन द्यायच्या आधी तो मेव्हण्याला विचारतो, तालमीतल्या दोस्ताला विचारतो, त्याच बिल्डरच्या जुन्या स्कीममध्ये कोण राहतंय का ते शोधून काढतो आणि त्यांच्या घरी जाऊन छताकडं बघतो. तिथं जो माणूस "गळलं होतं पण लगेच येऊन करून दिलं" असं म्हणतो ना, तो माणूस तू तयार केलेला आहेस, आठ वर्षं, फोन उचलून उचलून. आणि तूच लिहितेस की हे मार्केटिंग नव्हे. मग साहेबांनी तरी ते का मोजावं.

आता ती वही काढ आणि जरा शांतपणे महिन्यांप्रमाणे बघ. वळवाच्या पहिल्या पावसात किती फोन आलेत आणि सलग दोन-तीन आठवडे झड लागल्यावर किती आलेत. भिंती पश्चिमेच्या किती, कारण आपल्याकडं पाऊस त्या अंगानं झोडपतो. वरच्या मजल्याचं छत किती, खिडकीचे कोपरे किती, बाथरूमला लागून असलेल्या भिंती किती. भर एप्रिलमध्ये आलेले फोन वेगळे काढ, कारण कोरड्या उन्हाळ्यात जे गळतं ते सहसा पावसाचं नसतं, तो बहुतेक नळाच्या लाईनचा किंवा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जॉईंटचा प्रॉब्लेम असतो आणि तिथं गच्चीवर कितीही केमिकल मारलं तरी उपयोग शून्य. तुला हे माहीत असणार, फक्त तू ते ज्ञान म्हणून कधी बघितलेलं नाहीस. गच्चीला उतार नीट नव्हता का, पॅरापेट म्हणजे कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, फुटला होता का, गच्चीवरचा जुना कोबा, म्हणजे वरचा थर, पोकळ झाला होता का, नंतर कुणी डिश अँटेनासाठी ड्रिल मारून ठेवलं होतं का, यातलं निम्मं तुझ्या वहीत असणार बघ.

म्हणजे 'मलाच का विचारलं' याचं उत्तर मिळालं ना? वॉटरप्रूफिंग कंपनीचा माणूस तुमच्या साईटवर आला असेल तेव्हा कुठल्या विंगला, कुठल्या मजल्यावर, कधीपासून, आधी काय केलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं? इंजिनिअर तर दुसऱ्या स्कीमवर गेलेला असतो. माझा अंदाज आहे की तूच सांगितलंस आणि ते त्याच्या लक्षात राहिलं. या कंपन्यांकडे माल खपवणारी पोरं बरीच असतात, पण घरमालकाचं रडगाणं धीरानं ऐकून त्यातून नेमकं कारण काढणारं माणूस त्यांना सहजी मिळत नाही.

आता 'मी इंजिनिअर नाही'. बरोबर आहे, नाहीस. आरसीसीचं डिझाईन तुला कुणी करायला सांगणार नाही आणि तू सांगूही नकोस, जिथं कळत नाही तिथं "विचारून सांगते" म्हणायचं आणि खरंच विचारून सांगायचं. पण साईटवर बोलायला लागतं तेवढं शिकायला चार वर्षांची डिग्री लागत नाही. काँक्रीटच्या नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी का दाबून बघतात, काँक्रीटच्या एम २० आणि एम २५ या ग्रेडमध्ये काय फरक, पीपीसी म्हणजे मिश्र सिमेंटला पाणी जास्त दिवस का मारायचं असतं, काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, का लिहिलंय, हे दोन-तीन महिन्यांत तोंडात बसतं. टाईलचंच घे. व्हिट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ शोषतच नाही, ०.५ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती धड पकड घेत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पोकळ वाजायला लागते, ॲडेसिव्ह त्यासाठी. हे वाक्य तू मिस्त्रीला एकदा टाईलवर नाणं वाजवून दाखवत सांगितलंस की तो तुझी डिग्री विचारणार नाही. तुमच्या साईटवरच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला सांग, दोन रविवार मला शिकवा. मनापासून विचारणाऱ्याला शिकवायला अशा माणसांना आवडतं हा माझा अनुभव आहे, आणि त्यांना असं कुणी विचारतही नाही.

पण तुझ्या मनात खरा दगड आहे तो पुढचा, साईटवर बाईचं कोण ऐकणार.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घराचा स्लॅब टाकत होते. मिक्सर सकाळी सातला सुरू झाला. खडी-वाळू भरायला, घमेली वर द्यायला निम्म्याहून जास्त बायका. त्यातली एक पन्नाशीची बाई मिक्सरवाल्याला ओरडून सांगत होती की पाणी जास्त घालू नको, माल पातळ होतोय. मी म्हटलं, मावशी तुमचं ऐकतो का तो? तर म्हणाली, "ऐकतोय की, न ऐकून जातोय कुठं, मी वीस वरसं हेच करतो." आपल्याकडच्या बायका कशा बोलतात तुला माहीतच आहे. तर बांधकामात बाई नाही हे मला पटत नाही, बाई पायापासून स्लॅबपर्यंत आहे. ती नाही ते केबिनमध्ये, जिथं रेट ठरतो तिथं. म्हणून 'बाईमाणसाला साईटवर अवघड जातं' या वाक्याचा अर्थ जरा तपासून बघ, अवघड म्हणजे नक्की काय. टॉयलेट नसणं अवघड आहे, ते खरंय आणि त्याबद्दल पुढं बोलते. संध्याकाळी सातनंतर बायपासकडच्या अर्धवट साईटवर एकटं थांबणं अवघड आहे, तेही खरं. यातली प्रत्येक गोष्ट सोडवता येते. पण ज्या दिवशी ती कुणी सोडवायच्या ऐवजी तुला साईटवरूनच काढून टाकतं त्या दिवशी तुझ्या हातातनं कमिशन जातं, प्रमोशन जातं आणि पुढच्या नोकरीत सांगायला लागणारा अनुभवही जातो. साहेबांनी हे काळजीपोटी केलं असेल, मी त्यांना वाईट म्हणत नाही, पण नुकसान तुझं झालं.

ऐकण्याचं म्हणशील तर पहिल्या दोन-चार भेटीत नाही ऐकणार. काँट्रॅक्टर तुझ्याबरोबर आलेल्या ड्रायव्हरकडं बघून बोलेल, असंही होतं. त्यावर चिडून उपयोग नाही आणि मोठ्यानं बोलूनही नाही. त्याची अडकलेली एक गोष्ट सोडव. त्याचा माल वेळेत पोहोचव, त्यानं केलेलं बाथरूम गळत असेल तर टेक्निकल माणसाला घेऊन त्याच आठवड्यात जा, टाईल लावायच्या आधी पाणी साठवून टेस्ट घेताना स्वतः उभी राहा. तिसऱ्या वेळी तो तुला फोन करेल. पुरुषांनाही हे असंच करावं लागतं, तुला थोडं जास्त वेळा करावं लागेल, हे अन्यायाचं आहे पण आज तरी आहे.

आता सध्याच्या नोकरीचं. सोडायच्या आधी साहेबांशी एकदा नीट बोल असं मला वाटतं, कारण पत्रावरून असं दिसतं की तू कधी मागितलेलंच नाहीस. तुला वाटलं की आठ वर्षं बघतायत म्हणजे कळत असेल. नाही कळत गं. एक कागद तयार कर, एकच पान. गेल्या तीन वर्षांत तू दाखवलेल्या किती साईट व्हिजिटचं बुकिंग झालं, जुन्या गिऱ्हाईकांच्या ओळखीनं किती आले, गळतीच्या किती तक्रारी तुझ्यामार्फत मिटल्या. आणि त्यात रेरा घाल. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा १ मे २०१७ पासून. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असले की नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही, प्रत्येक जाहिरातीवर नोंदणी नंबर आणि वेबसाईट लागते, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर कलम १२ प्रमाणे भरपाई द्यावी लागते, गिऱ्हाईक बाहेर पडत असेल तर व्याजासकट पैसे परत. कराराची नोंदणी व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि तुझ्या वहीचा तर थेट संबंध येतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामाचा किंवा दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणजे तुझं ब्रोशर आणि तुझी वही ही दोन्ही साहेबांच्या पैशाची राखण करतायत. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडं निम्मी गिऱ्हाईकं पहिला प्रश्न विचारतात, इथं पाणी आलं होतं का. तिथं तू खरं सांगत आलीयस असं तुझ्या पत्रातनं दिसतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा कुठला रस्ता बंद होतो हे सांगणारी बाई गिऱ्हाईकाला जास्त विश्वासाची वाटते, आणि एखादा फ्लॅट त्यामुळं हातातून गेला तरी पुढची चार बुकिंग त्यातूनच येतात.

आणखी एक गोष्ट कागदावर घाल. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ५० लाखांच्या फ्लॅटला ५० हजार रुपये. म्हणजे घर बघायला येणाऱ्या बायका आता नुसतं किचन बघायला येत नाहीत, सही त्यांची असते. त्यांच्याशी व्यवहाराचं कोण बोलणार आहे ऑफिसात, हे साहेबांना विचार.

मग सरळ बोलायचं. सर, पुढच्या स्कीमचं सेल्स आणि ताबा दिल्यानंतरची सर्व्हिस दोन्ही माझ्याकडे द्या, पद हे, पगार हा, साईटवर मी जाणार. आणि उत्तर कधी देणार ते विचारायचं, तारखेसकट. दुसरी ऑफर आहे हे धमकीसारखं टेबलावर ठेवू नकोस, त्यानं जे मिळतं ते मनातून मिळत नाही आणि नंतर वसूल केलं जातं. नव्या सेल्स हेडविषयीही एक अक्षर नको, त्यानं पगार मागितला, त्याला मिळाला, त्यात त्याचा गुन्हा नाही. साहेब "बघू" म्हणाले आणि तारीख दिली नाही तर ते नाहीच समज. आठ वर्षं तू 'बघू' वरच काढलीयस.

मला मनापासून विचारशील तर नवी नोकरी घ्यावी असंच मला वाटतं. पण डोळे उघडे ठेवून, कारण बांधकाम मालाच्या मार्केटिंगमध्ये एक गोष्ट ब्रोशरमध्ये कधीच नसते आणि ती म्हणजे उधारी. माल डीलरकडं जातो, डीलर काँट्रॅक्टरला देतो, काँट्रॅक्टरचं बिल बिल्डरकडं अडकतं, बिल्डरचं बुकिंग थांबलेलं असतं, आणि शेवटी कंपनी विचारते तुला, की पैसे कुठायत. म्हणून जॉईन व्हायच्या आधी स्पष्ट विचार, वसुली माझ्या गळ्यात आहे का, जुनी थकबाकी माझ्या टार्गेटमध्ये धरणार का. टार्गेट कशावर, डीलरच्या गोडाऊनमध्ये माल टाकला की झालं का दुकानातून प्रत्यक्ष खपलेल्यावर. गोडाऊन भरण्यावर असेल तर मार्चएंडला डीलरच्या गळ्यात माल मारायला लावतील आणि एप्रिलमध्ये शिव्या तू खाशील. आधीचा माणूस का गेला हेही विचार, आणि कंपनीला विचारून भागणार नाही, दोन डीलरांना विचार. टेक्निकल माणूस कुठं बसतो, पुण्यात असेल तर तक्रार आल्यावर किती दिवसांत येणार. प्रवास भत्ता प्रत्यक्ष बिलावर का ठरलेला, गाडी कुणाची, इन्शुरन्स कोण भरणार. ही उत्तरं ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर घे.

भाग मात्र तुझ्यासाठी सोन्यासारखा आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं पाऊस इतका की वॉटरप्रूफिंग तिथं चैन नाही, गरज आहे. शिरोळ, हातकणंगलेकडं पाऊस कमी पण नदीकाठच्या गावांत पुराचं पाणी घरात येऊन गेलेलं, भिंतींचा खालचा भाग अजून ओल धरतो, तिथला प्रश्न वेगळा आणि माल वेगळा. इचलकरंजी, सांगली-मिरज, जयसिंगपूर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्यासारखं. आणि तुझी वही सांगतेच की फोन जुलैत येतात, पण गच्चीचं काम धड होतं ते मार्च ते मे मध्ये, कोरड्या पृष्ठभागावर. म्हणजे घरमालकाशी बोलायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, मागच्या पावसाचे डाग अजून भिंतीवर आहेत तेव्हा. हे एवढं जरी तू उत्तर देण्याआधी त्या कंपनीला सांगितलंस तरी पगाराचं बोलणं वेगळ्या आकड्यावर होईल.

मिस्त्री मेळावे, डीलर मीट यांचं टेन्शन घेतलंयस असं वाटतं. ते रात्री हॉटेलात आणि ओलेच व्हायला हवेत असा काही नियम नाही, पद्धत पडलीय एवढंच. दुपारचं जेवण ठेव, दीड तासात डेमो आणि जेवण. मिस्त्री लोकांची त्या दिवसाची हजेरी बुडते ती भरून दे किंवा कामाची सुट्टी असेल तो दिवस निवड. घरी वेळेत जायला त्यांनाही आवडतं.

टॉयलेट आणि सुरक्षिततेचं म्हणाले होते. पहिल्या आठवड्यातच तुझ्या भागाचा नकाशा स्वतः कर, कुठल्या गावात कुठल्या डीलरकडं, पंपावर, हॉटेलात स्वच्छ टॉयलेट आहे, फिरतीच्या बायका हे एकमेकींना सांगतात, तूही विचार. पाणी न पिता दिवस काढायचा नाही, त्यानं तब्येतीची वाट लागते. एकटीनं रिकाम्या साईटवर भेट ठरवायची नाही, लोकेशन घरी आणि ऑफिसात दोन्हीकडं. आणि हे पक्कं लक्षात ठेव, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागा म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे, कामासाठी गेलेली साईट, कंपनीनं दिलेली गाडी, सगळं त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे, कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. जॉईन होताना समितीत कोण आहे ते विचारून घे, विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारत असेल तर तिथं जाऊच नकोस.

दुसऱ्या मुलाचं मनात असेल म्हणून आधीच पाऊल मागं घेऊ नकोस. कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. गरोदरपणात फिरती कमी करावी लागेल, तेव्हा डीलरशी फोनवरचं आणि ऑफिसचं काम मागता येतं. जे अजून झालेलं नाही त्याच्यासाठी आजची नोकरी नाकारणं मला पटत नाही.

आणि घर. "उत्तर मला माहीत आहे" असं तू लिहिलंस, पण विचारलेलं नाहीस. सासूबाईंची भीती नक्की कशाची आहे? तू रात्री उशिरा येशील याची, लोक काय म्हणतील याची, का नातीचं सगळं आपल्यावर पडेल याची? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. तिसरी भीती असेल तर ती रास्त आहे हो, साठीच्या बाईनं पाच वर्षांच्या पोरीमागं दिवसभर धावायचं म्हणजे काम आहे, त्यासाठी पैसे खर्च करून कुणी मदतीला ठेवायला लागेल आणि ते वाढलेल्या पगारात धर. घरात 'फिरतीची नोकरी' हा शब्द घेऊन जाऊ नकोस, तो ऐकला की डोळ्यांसमोर बॅग घेऊन निघालेली सून येते. आठवड्याचं वेळापत्रक घेऊन जा. सोमवार-मंगळवार शहरात, बुधवारी इचलकरंजी, गुरुवारी सांगली, मुक्काम महिन्यात किती तर एक किंवा शून्य. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात तो साडेतीन-चारला घरी असतो, त्या आठवड्यात लांबची गावं धर. आधी त्याच्याशी बोल, एकटीनं सगळ्यांसमोर उभी राहू नकोस. तो फौंड्रीत आहे, त्यामुळं मला वाटतं साईटवरच्या, धुळीतल्या माणसांत कसं काम चालतं हे त्याला तुझ्या साहेबांपेक्षा चांगलं समजेल.

इन्शुरन्सबद्दल एवढंच, तिथंही टेबल नसतं गं, टार्गेट असतं, आणि तिथं तुझी आठ वर्षं शून्य धरली जातील. दमल्यामुळं तुला तसं वाटतंय, आणि दमलीयस ते कामानं नाही तर कुणी मोजत नाही म्हणून. हेच टाईल्सच्या शोरूममध्ये, आर्किटेक्टच्या ऑफिसात, आरएमसी (तयार काँक्रीट) प्लँटच्या डिस्पॅचला बसणाऱ्या अनेक जणी मला लिहितात, शब्द वेगळे असतात. त्यांनाही माझं सांगणं आहे, आजपासून वही घाला, कुठला फोन आला, काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, तारखेसकट.

तुझ्या वहीबद्दल मात्र एक सांभाळ. त्यातली गिऱ्हाईकांची नावं, नंबर, फ्लॅट नंबर ही तुझ्या आत्ताच्या ऑफिसची माहिती आहे, ती नव्या कंपनीकडं न्यायची नाही, अगदी मागितली तरी नाही, आणि मागितली तर त्या कंपनीबद्दल तुला काहीतरी कळलं असं समज. तू घेऊन जाशील ते डोक्यातलं, कुठली भिंत का गळते ते. वही तिथंच ठेव, नीट नावं घालून, पुढच्या माणसाला समजेल अशी. आणि शेवटच्या आठवड्यात ज्यांचं काम अजून बाकी आहे त्या घरांना एकेक फोन कर, मी चाललेय, यापुढं अमक्यांना फोन करा, तुमचं अमुक राहिलंय ते मी त्यांना सांगितलंय. पाऊस सुरू व्हायच्या आधी कर म्हणजे झालं.